लाक्साचा वाडगा आणि हॉकर सेंटर

सिंगापुरात बाहेर जेवणे फार महाग पडते, हे मी वाचलेल्या एका लेखातील विधान मॉलमधल्या उपाहारगृहांपुरते खरे असले, तरी त्यात हॉकर सेंटरचा, म्हणजे फेरीवाल्यांच्या स्वस्त खाद्यगाळ्यांच्या केंद्राचा, साधा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटले. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना नळ, गटार आणि छप्पर असलेल्या जागेत हलवून सरकारने ही केंद्रे प्रामुख्याने १९७० च्या दशकात उभी केली आणि २०२० मध्ये युनेस्कोने या संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. मॅक्सवेल फूड सेंटरमधली चिकन राइसची रांग प्रसिद्ध आहे. माझी पसंती मात्र लाक्साला. नारळाच्या दुधाच्या दाट, तिखटसर रश्श्यात तांदळाच्या जाड शेवया आणि रस्सा पिऊन टम्म झालेले तळलेल्या टोफूचे तुकडे, असा तो वाडगा असतो. शाकाहारी वाचकांनी जपावे, कारण त्याच्या वाटणात सहसा सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, असतात (कोकणातल्या माणसाला ते वासावरूनच कळेल). टेबलावर टिश्यूचे पाकीट ठेवून जागा अडवण्याची तिथली रीत म्हणजे आपल्या एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमालच! जेवण झाल्यावर ट्रे मात्र स्वतः उचलून ठेवावा. २०२१ पासून तसे न करणाऱ्यांवर कारवाई होऊ शकते.