पीडीएफ असताना पुस्तक शोधत कशाला फिरायचं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नाव लिहिलं नाहीत, म्हणून नुसताच नमस्कार. १८५७च्या बंडात सापडलेल्या गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' या आठवणींची १९६६ची प्रत अखेर हाती लागली, या माझ्या लेखावर तुम्ही सणसणीत लिहिलंत. इथे नेहमी पडणाऱ्या 'वा, छान'पेक्षा मला ते जास्त आवडलं, आधी जरा राग आला तरी. उत्तर लांबलं, म्हणून वेगळं टाकतोय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं. जे पुस्तक नेटवर फुकट मिळतं ते शोधत फुटपाथ पालथे घालणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. अशा पुस्तकाला ७०० रुपये मोजणारे लोकच जुन्या पुस्तकांचे भाव चढवतात आणि ती विद्यार्थ्यांच्या हातची जातात. आणि इतकं करून पुस्तक शेवटी शिकाऱ्याने भिंतीवर टांगलेल्या शिंगांसारखं कपाटात बसतं, खरं तर त्याची जागा ग्रंथालयात. जाता जाता एक ओळ: 'आमच्याकडे आजोबांची दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत, कुणी फुकट न्यायला तयार नाही.' त्या ओळीकडे नंतर येतो. माझ्या मते तुमच्या प्रतिक्रियेतली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

आधी पीडीएफ. मी स्कॅनच्या विरोधात नाही. माझ्या संगणकात शेकड्यांनी पडलेत आणि त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही. पण 'एका क्लिकवर मिळतं' असं तुम्ही लिहिलंत तेव्हा मला विचारावंसं वाटलं, की तुम्हाला कोणतं मिळालं?

कारण ही दोन पुस्तकं आहेत. वरसईचे विष्णुभट गोडसे डोक्यावर कर्ज असलेले गरीब भिक्षुक. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेने १८५७ साली ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि महूच्या आसपास थेट बंडाच्या तोंडी सापडले. पुढे झाशीच्या वेढ्यात अडकले, गोऱ्यांनी केलेली कत्तल आणि लूट डोळ्यांनी पाहिली, स्वतः लुटले गेले, आणि तरीही काशी करून गंगेची कावड घेऊन घरी परतले. हे सगळं त्यांनी १८८३च्या सुमारास इतिहासाचे अभ्यासक चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून लिहून काढलं. सरकारचा रोष होईल या धास्तीने वैद्यांनी ते बरीच वर्षं बाहेर काढलं नाही. छापलं ते १९०७ साली, आणि छापताना त्यात हात घातला. भाषा नीटनेटकी केली, काही गाळलं, काही आपल्या पदरचं घातलं. पुढे हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात गेलं आणि त्यावरून इतिहास संशोधक दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ पाठ प्रसिद्ध केला, व्हीनस प्रकाशनातर्फे. मी शोधत होतो तो हा.

वैद्यांना मी दोष देत नाही. १९०७ साली झाशीच्या राणीबद्दल मराठीत काही छापणं ही गंमत नव्हती, आणि त्यांनी भटजींच्या मागे लकडा लावला नसता तर दोन्हींपैकी एकही पुस्तक नसतं. पण म्हणून दोन्ही एकच असं म्हणता येत नाही.

आता यातली मेख पाहा. आपल्याकडे प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. वैद्य १९३८ साली गेले, त्यांची आवृत्ती कधीच मोकळी झाली. ती कुणीही छापावी, कुणीही स्कॅन करून चढवावी. पोतदार गेले १९७९ साली. त्यांची प्रस्तावना आणि टिपा २०३९ संपेपर्यंत मोकळ्या होत नाहीत. म्हणजे संपादकाने हात फिरवलेला पाठ फुकट आणि मुबलक, आणि भटजींच्या लेखणीच्या जवळचा पाठ त्या मानाने दुर्मीळ. यात कुणाचा दुष्टपणा नाही, कायद्याचं गणितच तसं आहे. पण फुकट मिळणाऱ्यावरच जो थांबेल त्याच्या वाट्याला बहुतेक वैद्यांचे गोडसे येतील, आणि हे त्याला कळणारही नाही.

शिवाय ते क्लिक. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियासाठी ज्या हजारो मराठी पुस्तकांचे स्कॅन झाले, त्यांतल्या कित्येकांची नावं रोमन अक्षरांत, स्वर दुप्पट करून, कुणीतरी घाईघाईने टंकलेली आहेत. लेखकाच्या जागी संपादक, संपादकाच्या जागी प्रकाशक, सालाच्या जागी काहीही. त्या ढिगात शिरणं आणि रद्दीच्या ढिगात शिरणं यात मला फारसा फरक दिसत नाही. फक्त धूळ कमी. मला जी फाइल मिळाली होती तिच्यात मधली काही पानं नव्हती आणि एका पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा होता. त्या अंगठ्याखाली काय आहे हे कळायला मला छापील प्रत लागली.

तर आनंद कसला, हे तुम्ही खोचकपणे विचारलंत. मी सरळ उत्तर देतो. पहिल्यांदा दुकानात जाऊन 'गोडसे भटजी आहे का' असं विचारलं तेव्हा दुकानदाराने नवी कोरी आवृत्ती पुढे ठेवली आणि चष्मासुद्धा वर केला नाही. पुढे कुणाच्या तरी लेखातल्या तळटीपेत पोतदारांचं नाव दिसलं, मग एका जाणत्या गृहस्थांनी दोन्ही पाठांतला फरक सांगितला, मग मोडी या जुन्या लिपीतल्या लिखाणात शब्द तोडून लिहीत नाहीत आणि विरामचिन्हं नसतात हे कळलं, आणि त्यामुळे संपादकाच्या हातात किती सत्ता असते तेही कळलं. त्यानंतर मी 'पोतदारांचं, व्हीनसचं, सहासष्टचं' असं विचारायला लागलो. तेव्हा कुठे अप्पा बळवंत चौकातल्या एका वयस्क विक्रेत्याने मला बसायला स्टूल दिलं. पुस्तक त्याच्याकडेही नव्हतं. पण त्या स्टुलावर बसून मी जे ऐकलं, म्हणजे कुठल्या प्रकाशकाची बांधणी टिकते, कुणाचा कागद पिवळा पडून कडकन मोडतो, कुणी दुसरं मुद्रण काढून त्यालाच दुसरी आवृत्ती म्हटलं, ते कुठल्याच पीडीएफमध्ये नाही. पुस्तक मिळेपर्यंत मी त्या पुस्तकाचा बरा वाचक झालो होतो. लगेच मिळालं असतं तर झालो नसतो. माझा आनंद बराचसा इथला आहे.

उरलेला आनंद निव्वळ पोरकट आहे, तोही लपवत नाही. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरच्या एका विक्रेत्याकडे मी नंबर ठेवला होता. एके दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्याचा फोन आला: 'साहेब, तुमचे भटजी आलेत.' मी बाहेर येऊन त्याला फोनवरच मुद्रणाचं पान, म्हणजे प्रकाशक, आवृत्ती, साल असतं ते, वाचायला लावलं. त्याने वाचलं. त्या मीटिंगमध्ये पुढे काय ठरलं ते मला आजही माहीत नाही.

भावाबद्दल. ७०० रुपये जास्त वाटले, असं तुम्ही म्हणता. मलाही वाटले, घासाघीस करून बघितली, जमली नाही. पण हे पुस्तक त्याच्याकडे आलं कसं ते पाहा. कुणाचं तरी घर रिकामं होतं, रद्दीवाला सगळं किलोवर उचलतो, आणि गोदामातून ते लगद्याला जायच्या आधी एक माणूस तिथे उकिडवा बसून ढीग चाळतो. त्याला शिक्षण बेताचं असेल, पण कुठलं पुस्तक बाजूला ठेवायचं हे त्याला कळतं. त्या नजरेला भाव नसेल तर तो ढीग चाळणार नाही, आणि पुस्तक स्वस्त न होता नाहीसं होईल. विद्यार्थ्यांना जुनी पुस्तकं परवडत नाहीत हे खरं आहे, मी विद्यार्थी असताना मलाही परवडायची नाहीत. त्यावर इलाज पुनर्मुद्रणाचा. फुटपाथवरच्या माणसाने पोटाला चिमटा घ्यावा, हा इलाज मला पटत नाही. अर्थात, दुर्मीळ या नावाखाली कालपरवाची पुस्तकं ऑनलाइन चौपट भावाने विकणारी मंडळी आहेत, त्यांच्याबद्दल तुमचं आणि माझं मत एकच आहे.

आणि ग्रंथालय. इथे तुम्ही मला कोंडीत पकडलं असं तुम्हाला वाटलं असणार. माझ्या प्रतीच्या पहिल्या पानावर एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा गोल शिक्का आहे, दाखल क्रमांक आहे, आणि त्यावर आडवा दुसरा शिक्का आहे: 'रद्द'. म्हणजे ते ग्रंथालयातच होतं, तिथूनच बाहेर पडलं. मागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर मोजक्याच तारखा आहेत आणि शेवटची १९८४ची. गावाचं नाव मी लिहिणार नाही, कारण त्या ग्रंथपालांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. राज्याच्या १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गानुसार अनुदान. खालच्या वर्गातल्या वाचनालयात जागा एका खोलीची, सेवकाचा पगार सांगायला लाज वाटावी असा, आणि नवी पुस्तकं ठेवायला फळी हवी म्हणून जुनी काढायची. कोणती काढायची? जी कुणी नेत नाही ती. पोतदारांचे गोडसे कुणी नेत नव्हतं.

पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं. अशा संस्थांनी जे जपलं आहे त्यावरच आपण सगळे जगतो. माझी प्रतही कधीतरी अशाच ठिकाणी जाईल. तोवर ती कपाटात शिंगांसारखी टांगलेली नाही. झाशीच्या वेढ्याची पानं मी वैद्यांच्या आवृत्तीशेजारी ठेवून वाचतोय, समासात पेन्सिलने खुणा करतोय आणि मित्रांना वाचायला देतोय. सध्या ती घरातही नाही, वाईला एका मित्राकडे आहे. तो पुस्तक परत करण्याबद्दल प्रसिद्ध नाही, ही काळजी आहे खरी.

आता तुमच्या आजोबांची कपाटं. कुणी फुकट नेत नाही, कारण 'दोन कपाटं पुस्तकं' कुणालाच नको असतात. लोकांना एकेक पुस्तक हवं असतं. म्हणून रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी एवढं करा. प्रत्येक पुस्तकाचं शीर्षकपान आणि त्यामागचं मुद्रणाचं पान, दोन्हींचे फोटो काढा. मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी चालतं, ही दोन पानं शाबूत आहेत का ते बघा. छोट्या गावांतल्या छापखान्यांची पुस्तकं, ज्ञातींचे आणि संस्थांचे अहवाल, पाकशास्त्र, कुलवृत्तान्त, मासिकांचे दिवाळी अंक हे सगळ्यात आधी बाजूला काढा, कारण लोक नेमकं तेच कचरा समजून टाकतात. १९३७च्या आधीचं काही निघालं तर शं. ग. दात्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'त बघता येईल. पहिल्या खंडात १८०० ते १९३७ची मराठी पुस्तकं आहेत आणि ती माझ्याकडे आहे. जे तिच्यातही नसेल त्याचा फोटो आधी पाठवा, रात्री कितीही वाजले असले तरी.

यादी झाली की इथेच टाका. वाचणारे आपापलं उचलतील, त्यात विद्यार्थीही असतील, आणि त्यांना फुकट द्यायची तुमची इच्छा असेल तर उत्तमच. मला स्वतःला त्यात एकच गोष्ट बघायची आहे: वैद्यांची १९०७ची पहिली आवृत्ती. पुठ्ठा नसला तरी चालेल, कसर लागलेली असली तरी चालेल. पैसे देईन, आणि या वेळी घासाघीस करणार नाही.