रायझिंग टाइम आणि मेव्हण्याची उंची

काल ऑफिसात दोन ओळींवरून माझं डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर नाही. कोडच्या नव्हेत, कोड काय कसाही ढकलला तरी जातो, डॉक्युमेंटेशनच्या ओळी. आय-टू-सी म्हणजे बोर्डवरच्या चिप्सनी एकमेकींशी बोलायची तारांची बस, आणि ती चालवणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, 'एससीएल रायझिंग टाइम' अशी एक सेटिंग आहे (एससीएल म्हणजे ठेका देणारी क्लॉकची तार), आकडा नॅनोसेकंदात, आणि तिच्यापुढे माहिती काय तर "रायझिंग टाइम सेट करते". डोंबल सेट करते! क्लॉकची लाइन वर चढायला किती वेळ घेणार ते बोर्डवरचा, लाइनला वर खेचणारा पुलअप रेझिस्टर आणि लाइनची कपॅसिटन्स ठरवतात, आपण फक्त ऑसिलोस्कोप लावून मोजायचं नि ड्रायव्हरला कळवायचं, मग तो क्लॉक हाय किती नि लो किती ठेवायचा याचा हिशोब करतो. मी एवढंच लिहिलं होतं हो.

सर खुर्चीसकट सरकत आले.

"400 किलोहर्ट्झच्या स्पीडला आय-टू-सीचा स्पेक रायझिंग टाइम किती म्हणतो?"

"जास्तीत जास्त 300 नॅनोसेकंद."

"आपला बोर्ड?"

"4.7 किलोओहमचा पुलअप, लाइनवर 100 पिकोफॅरडच्या आसपास. 400 च्या घरात जातंय."

"मग 300 टाक ना!"

"सर, फॉर्मवर सहा फूट लिहिलं म्हणून माणूस वाढतो का?"

"लग्नाच्या बायोडेटात लिहितातच की. आमचा मेव्हणा पाच-पाच, आम्ही पाच-आठ लिहिलं. आज दोन मुलं आहेत."

आता यावर काय बोलणार! शेजारचा टेस्टिंगवाला हेडफोन काढून अगदी गंभीरपणे विचारतो, "वहिनी किती उंच?" मग वहिनींच्या हिल्स, हॉलवरचे फोटो, फोटोग्राफरने मेव्हण्याला पायरीवर कसं उभं केलं, सगळं निघालं. माझा पुलअप तसाच राहिला.

फिलिप्सने 1982 मध्ये ही बस आणली, दोनच तारा, इतकी साधी गोष्ट. लिनक्समध्ये अशा सेटिंग्ज समजावणाऱ्या एका कागदात, बाइंडिंगमध्ये, सरळ लिहिलंय की आकडा दिला नाहीत तर स्पेकमधला कमाल आकडा धरू, म्हणजे 100 किलोहर्ट्झला 1000 नॅनोसेकंद आणि 400 ला 300, फार तर बसवरचं बोलणं जरा हळू चालेल. तिथे कुणाचा मेव्हणा मध्ये आला नाही.

आमच्याकडे फाइलमध्ये 300 गेलं, लगेच अप्रूव्ह झालं. उद्या सेन्सर गप्प बसला की रविवारी फोन मलाच येणार, "तूच बघतोस ना आय-टू-सी?" आणि माझ्या त्या दोन ओळी अजून रिव्ह्यूत पडल्यात, खाली एकच कमेंट: पूर्णविराम राहिलाय.