क्रियापदाचं शेपूट

चाळिशी उलटल्यावर इंग्रजी सुधारायला घेतलं आणि पहिला शोध लागला तो मराठीबद्दल. आपण आजवर वाक्याचा शेवट न ठरवताच बोलत आलो! "मी उद्या त्याला ते पुस्तक..." इथपर्यंत पोचलो तरी पुढे 'देणार आहे', 'मागणार आहे' की 'फेकून मारणार आहे', हे माझं मलाच माहीत नसतं. समोरच्याचा चेहरा बघायचा आणि बेतानं क्रियापद सोडायचं. याच सवलतीवर माझा संसार टिकलाय.

इंग्रजीत ही सोय नाही. "आय विल" म्हटलं की क्रियापद हजर करा. देणार की मारणार? आधी गुन्हा कबूल करायचा, तपशील नंतर. त्यामुळे माझी निम्मी वाक्यं "आय विल"पाशीच उभी राहतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की माणूस फार निश्चयी आहे.

प्रश्नांचं आणखी वेगळं. 'तो कुठे आहे?' म्हणजे 'व्हेअर इज ही?' हे घोटून घोटून पाठ केलं. पण त्याच्यापुढे 'डू यू नो' लावलं की लगेच 'व्हेअर ही इज'! चारचौघांत नेल्यावर कार्टं अचानक सरळ बसतं, तसं. विशेषणांनाही म्हणे रांग असते: आधी आकार, मग वय, मग रंग. मराठीत 'लाल मोठी पिशवी' म्हणा नाहीतर 'मोठी लाल पिशवी', पिशवी तक्रार करत नाही.

पण हे सगळं परवडलं, असं वाटायला लावतात ती फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे मागे 'ऑन', 'ऑफ' असलं शेपूट लावलं की अर्थच बदलणारी क्रियापदं. 'पुट' म्हणजे ठेवणे. तेवढंच ठेवलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणे. मग 'पुट ऑफ' म्हणजे अंगातलं काढणे? नाही, ते लांबणीवर टाकणे. काढायचं तर 'टेक ऑफ', जे विमानही करतं. 'पुट आउट' म्हणजे विझवणे. 'पुट अप' म्हणजे पाहुण्याला घरी ठेवून घेणे, आणि त्याला 'विथ' चिकटलं की त्याच पाहुण्याला सहन करणे. हा क्रम मात्र मला लगेच पटला.

या जमातीला 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव छापून मिळालं १९२५ साली, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या लेखणीतून. ते सुचवलं होतं ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. ब्रॅडली १९२३ मध्येच वारले. सुटले बिचारे.

आमच्या ऑनलाइन वर्गात संवादाचा सराव होता. मी यजमान, बाई पाहुण्या. 'आज इथेच राहा' असं म्हणायचं होतं. मी अगत्यानं म्हणालो, "वुई विल पुट यू डाउन टुनाइट." बाई आधी गप्प झाल्या, मग हसू आवरत म्हणाल्या की आजारी जनावराला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवतात, त्याला असं म्हणतात.

त्यात हे शेपूट कधी क्रियापदाला चिकटून चालतं, कधी सुटून पुढे जातं. 'टर्न ऑफ द लाइट' चालतं, 'टर्न द लाइट ऑफ'ही चालतं. पण दिव्याच्या जागी 'इट' आलं की ते मध्येच कोंबायचं: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' म्हटलं तर चूक. मी दर वेळी तेच म्हणतो. म्हणजे क्रियापद आधी मागून घेतात ते घेतातच, वर त्याचा अर्थ शेवटपर्यंत दाबून ठेवतात. आणि वाक्यरचना आमची उलटी!

गेल्या आठवड्यात मात्र माझी वेळ आली. बाईंची मातृभाषा मराठी नाही. हल्ली त्या हौसेनं शिकताहेत. तास संपता संपता म्हणाल्या, "तुम्ही 'विसरून गेलो' म्हणता. कुठे गेलात?"

"कुठेच नाही. नुसता विसरलो."

"आणि 'वाचून टाकलं'? कुठे टाकलं? 'बोलून बसलो' म्हणजे आधी उभे होता का?"

मी तोंड उघडलं, मिटलं. घड्याळाकडे पाहिलं.

"लेट्स पुट इट ऑफ," मी म्हणालो.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. 'इट' बरोबर मध्ये बसलं होतं.