ढोल चालतो, मग मिक्सर का चालत नाही? : एका फिरत्या मजकुराला उत्तर

गणपतीसाठी चाकरमानी गावी येऊ लागले, की वाडीवाडीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे : एडीएचडी (लक्ष हवे तेथे न टिकणे, चंचलता आणि उतावळेपणा ही लक्षणे असणारी मेंदूची अवस्था) हे मोबाइलमुळे शहरात जन्माला आलेले खूळ असून मोकळी हवा, शांतता आणि समुद्राची गाज लाभलेल्या कोकणातल्या मुलांना ते होत नाही, शिमग्यात तासन्‌तास ढोल वाजवणारे मूल घरी मिक्सर लावल्यावर कान झाकत असेल, तर ते सोंग करते, अशा मुलाला आरतीच्या गर्दीत पुढे उभे करून आवाजाची सवय लावावी, आणि डॉक्टरांकडे मुळीच नेऊ नये, कारण तेथे गुंगीच्या गोळ्या सुरू होतात. मला स्वतःला एडीएचडी आहे, आवाजाचा त्रास आहे आणि माझे बहुतेक आयुष्य देवगडच्या किनाऱ्यालगतच्या गावात गेले आहे. हा मजकूर वाचून कोणीतरी आपल्या मुलाचा हात धरून त्याला टाळ-मृदंगाच्या मधोमध उभे करत असेल, या विचाराने मी अस्वस्थ होते, म्हणून त्यातील एकेक विधान तपासून पाहत आहे.

मोबाइलचा मुद्दा लवकर निकालात निघतो. स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लक्ष एका जागी न ठरणाऱ्या माणसांचे वर्णन केले आहे, आणि अशा माणसांना कुत्र्याचे भुंकणे, टेबल सरकवणे किंवा दार अचानक लागणे एवढ्यानेही विलक्षण त्रास होतो, असे त्यांनी तेथे नोंदवले आहे. ते वर्णन आजच्या निदानाशी तंतोतंत जुळते असा दावा मी करणार नाही. परंतु लक्ष आणि आवाज यांचे नाते वीज घरोघरी येण्याच्याही आधी एका वैद्याच्या नजरेस आले होते, एवढे त्यावरून नक्की दिसते. पुढे १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून हेही दिसून आले आहे, की माणसामाणसांतील या लक्षणांच्या फरकामागे सुमारे ७० ते ८० टक्के वाटा अनुवंशाचा असतो, आणि अनुवंश खारेपाटणचा घाट पाहून थांबत नाही. आपल्याकडे पूर्वीही ही मुले होतीच. मुलगा असेल तर त्याला वांड म्हणत आणि मुलगी असेल तर वेंधळी. त्यातही गप्प बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीकडे आजही कोणाचे लक्ष जात नाही.

कोकण शांत असते, हे विधान मे महिन्यात चार दिवस राहून जाणाऱ्या पाहुण्याचे असू शकते. येथे राहणाऱ्याला पावसाळ्यात पत्र्यावर कोसळणारी सर, कलमांच्या बागेत सकाळभर चालणारा ग्रास कटर, चिरेखाणीवरची कापणी, बंदरात एकामागून एक सुरू होणारी होड्यांची इंजिने आणि महामार्गावरचे हॉर्न हे सारे ओळखीचे असते. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावरील ध्वनिक्षेपकांना मनाई केली आहे, आणि त्या मर्यादा आपल्या गावांनाही लागू आहेत. मात्र माझ्यासारख्यांचा प्रश्न डेसिबलने पुरता मोजता येत नाही. कानाची तपासणी केली तर ती अनेकदा पूर्णपणे निर्दोष येते. बहुतेक माणसांचा मेंदू पंख्याची घरघर आणि बाहेरचे बोलणे आपोआप मागे सारतो आणि समोरच्याचे शब्द तेवढे पुढे ठेवतो. आमच्या मेंदूकडून ही निवड नीट होत नाही, त्यामुळे सगळे आवाज एकाच वेळी सारख्याच हक्काने आत येतात.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे आपल्या वाड्यांवरच्या लहान शाळा. पट कमी असल्याने दोन-तीन, कधी चारही इयत्ता एका खोलीत बसतात, आणि गुरुजी किंवा बाई दुसरीला पाढे म्हणायला लावून चौथीला गणिते देतात. चौथीतल्या इतर मुलांना ते पाढे ऐकू येतात आणि विरूनही जातात. एडीएचडी असलेल्या मुलाच्या वहीत मात्र भागाकाराच्या मध्येच पाढ्यातला आकडा उतरतो, आणि त्यावर निष्काळजीपणाचा लाल शेरा पडतो. त्याला बाईंच्या जवळ, दुसरीच्या रांगेपासून दूर आणि खिडकीकडे पाठ करून बसवले, सूचना एका वेळी एकच दिली आणि ती फळ्यावरही लिहिली, तर एक पैसाही खर्च न होता त्याचा दिवस बदलतो.

समुद्राच्या गाजेबाबत मजकुरात अर्धे सत्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. एकसारखा, चढ-उतार नसलेला आवाज मध्येच उठणाऱ्या लहान आवाजांना झाकतो. काही प्रयोगांत असेही आढळले आहे, की अशा सलग आवाजाने एडीएचडी असलेल्या मुलांच्या कामगिरीत थोडी सुधारणा होते, तर इतर मुलांना तोच आवाज अडथळा ठरतो. मला स्वतःला पावसाळ्यातल्या समुद्राच्या घोषात हिशेब लिहिणे सोपे जाते. पण यावरून समुद्राकाठी एडीएचडी होत नाही, असा निष्कर्ष कसा काढता येईल? त्रास थोडा हलका होणे आणि त्रास मुळातच नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता ढोल आणि मिक्सर. मजकुरातील हाच भाग लोकांना सर्वाधिक पटतो, आणि हाच सर्वाधिक घातक आहे. आमच्याकडे आजीच्या तोंडी असे वाक्य सहज येते : "ढोल वाजयताना काय होणा नाय, आणि मिक्सर लावलो की कान धरता." निरीक्षण अगदी खरे आहे, त्यातून काढलेला अर्थ तेवढा चुकीचा आहे. ढोल वाजवणाऱ्या मुलाच्या हातात टिपरू असते, पुढचा ठोका कधी पडणार हे त्याला आधीच ठाऊक असते, थांबायचे की नाही हे तोच ठरवतो, आणि पालखी नाचत असताना त्याचे सगळे लक्ष त्याच एका तालावर एकवटलेले असते. एडीएचडीमध्ये लक्ष नसते असे नाही. ते हवे तेव्हा हवे तेथे लावता येत नाही, आणि आवडीच्या गोष्टीत ते इतके खोल जाते की भुकेचीही शुद्ध राहत नाही. मिक्सर याच्या नेमका उलट असतो. मूल काही वाचत किंवा आठवत असताना तो न सांगता सुरू होतो, त्याचा अंत कधी होणार ते कळत नाही, आणि तो बंद झाल्यावरही मोडलेला विचार परत येत नाही. सर्वसाधारण माणसालाही स्वतः केलेल्या आवाजापेक्षा दुसऱ्याने केलेला आवाज अधिक टोचतो. आमच्याबाबत हा फरक अधिकच जाणवतो. म्हणूनच मिक्सर लावण्यापूर्वी "आता लावते हं" एवढे सांगणे, किंवा बटण त्या मुलालाच दाबू देणे, याचा परिणाम रागावण्यापेक्षा पुष्कळ अधिक होतो. त्या मुलाला खोटे ठरवले, तर ते आपला त्रास सांगणे बंद करते आणि मग तो त्रास चिडचिड, हाणामारी किंवा अबोला या रूपांत बाहेर पडतो.

आरतीत पुढे उभे करून सवय लागेल, हे विधानही टिकणारे नाही. सवय लागण्यासाठी आवाज सोसण्याइतका असावा लागतो, तो हळूहळू वाढवावा लागतो आणि केव्हाही बाजूला होण्याची मोकळीक असावी लागते. बंद माजघरात झांजांच्या शेजारी हात धरून उभे केलेल्या मुलाकडे यांपैकी काहीच नसते, त्यामुळे ते आवाजाला नव्हे तर आरतीलाच घाबरू लागते. त्याचबरोबर दुसऱ्या टोकाला जाणेही योग्य नाही, कारण दिवसभर कानांत बोळे घालून राहिल्यास आवाजाची संवेदना आणखी तीव्र होऊ शकते. इअरप्लग ठरावीक वेळेपुरतेच वापरावेत. गणपतीत घर माणसांनी भरते आणि मुलाचा नेहमीचा कोपरा पाहुण्यांच्या बॅगांखाली जातो, तेव्हा पडवीचे एक टोक किंवा मांगराची एखादी बाजू त्याच्यासाठी राखून ठेवावी. दूर्वा निवडणे, प्रसाद वाटणे, अंगणातून आरतीला टाळ धरणे, अशी कामे त्याला द्यावीत. तो खळ्यात उभा राहून आरती म्हणत असेल, तर देवाला ती ऐकू येत नाही असे कोण म्हणेल?

राहिला औषधांचा मुद्दा. एडीएचडीसाठी सर्वाधिक वापरले जाणारे मिथाइलफेनिडेट हे गुंगी आणणारे औषध नाही. ते उत्तेजक गटातले आहे. त्याने भूक मंदावते, झोप उशिरा लागते, नाडीचा वेग वाढू शकतो, आणि म्हणूनच ते मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. प्रत्येकाला त्याची गरज पडतेच असे नाही. केवळ आवाजाच्या त्रासावर गोळी नाही. लक्ष सावरल्यावर काहींचा तो त्रास उतरतो, काहींचा उतरत नाही.

या मजकुराला चिडून काहीजण उलट टोकाचे लिहू लागले आहेत, की आवाज सहन न होणारे प्रत्येक मूल एडीएचडीचेच असते. तेही खरे नाही. आवाजाची अतिसंवेदनशीलता एडीएचडीच्या निदानाच्या निकषांत स्वतंत्रपणे येत नाही. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निकषांत तिचा समावेश आहे. अर्धशिशी, चिंता किंवा कानाचा विकार यांतही ती आढळते. पंगतीत शेजारी कढीचा भुरका मारल्यावर ज्यांच्या डोक्यात अनावर संताप उठतो, त्यांच्या त्रासाला मिसोफोनिया हे वेगळे नाव २००१ साली मिळाले आहे. म्हणून आधी कान तपासून घ्यावेत आणि मग मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीतच आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या विनामूल्य बोलता येते. जाताना कोणता आवाज, कोणत्या वेळी आणि मूल काय करत असताना नकोसा झाला, याची टिपणे न्यावीत, आणि वर्गशिक्षकांचे निरीक्षणही लिहून घ्यावे, कारण एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणे घराखेरीज दुसऱ्या एखाद्या ठिकाणीही दिसावी लागतात.