कान तयार असलेली माणसे

उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओहून बेर्मेओला जाणारी छोटी रेल्वे उर्दाइबाईच्या खाडीकाठी आली तेव्हा ओहोटी लागलेली होती आणि वाळूचे लांब पट्टे उघडे पडले होते. माझी आत्या मूळची हर्णैची. खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, "ही तर आपली आंजर्ल्याची खाडी." मी बिल्बाओत राहतो त्याला आता पाच वर्षे झाली. ठाणे जिल्ह्यात मराठी शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या आत्याला बास्क किनारा एका दिवसात दाखवायचा, असे ठरवून आम्ही सकाळीच निघालो होतो.

बेर्मेओच्या धक्क्यावर काही बायका जमिनीवर पसरलेली जाळी दुरुस्त करत बसल्या होत्या. आपल्याकडे हे काम बहुधा पुरुष करतात, म्हणून आत्या तिथे बराच वेळ थांबली. मात्र त्या दिवसाचे खरे दृश्य आम्हाला धक्क्यासमोरच्या कॉफीच्या दुकानात दिसले. गल्ल्यावरचा तरुण दक्षिण अमेरिकेतून आलेला होता आणि त्याच्या सदऱ्यावर 'बेलार्रीप्रेस्ट' असे लिहिलेला बिल्ला होता. एउस्कारात, म्हणजे बास्क भाषेत, 'बेलार्री' म्हणजे कान आणि 'प्रेस्ट' म्हणजे तयार. "मला तुमची भाषा समजते, बोलताना अडखळेन, पण तुम्ही माझ्याशी ती खुशाल बोला," असे हा बिल्ला सांगतो. 2018 साली सुरू झालेल्या एउस्काराल्दिया या मोहिमेत असे दोन बिल्ले निघाले. दुसरा 'आओबिसी', म्हणजे जिवंत तोंड, हा समजणाऱ्या प्रत्येकाशी एउस्काराच बोलणाऱ्यांचा. दुकानातले म्हातारे कोळी त्या मुलाशी सावकाश एउस्कारात बोलत होते, तो अर्धे उत्तर स्पॅनिशमध्ये देत होता, आणि तरीही त्यांच्यापैकी एकानेही आपली भाषा सोडली नाही.

आत्याशी माझा वर्षभर फोनवर जो वाद चालू होता, तो त्या टेबलावर पुन्हा सुरू झाला. एप्रिल 2025 मध्ये राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणण्याचा निर्णय काढला आणि विरोधानंतर 29 जूनला तो मागे घेतला. तो मागे घेतला गेला हे योग्यच झाले, यावर आमचे दोघांचेही एकमत आहे. मतभेद आहे तो मराठी न बोलणाऱ्या दुकानदाराला किंवा रिक्षावाल्याला थोबाडीत मारण्याच्या चित्रफिती जेव्हा घरोघरी फिरतात तेव्हाचा. "वीस वर्षे राहून चार वाक्ये येत नसतील, तर माणसाला राग येणारच," असे आत्या म्हणते. तो राग मलाही समजतो. पण भाईंदरला दिवसभर रिक्षा चालवणाऱ्या माणसाने रात्री नऊ वाजता मराठी शिकायला जायचे कुठे, याचे उत्तर त्या रागापाशी नाही. असे वर्ग आपल्याकडे मोजके आहेत.

परतीच्या वाटेवर आम्ही गेर्निकाला उतरलो. 26 एप्रिल 1937 रोजी, सोमवारी, बाजाराच्या दिवशी, स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी हे गाव बेचिराख केले, आणि गाव बास्कांनीच जाळले असे फ्रँकोच्या बाजूने पुढे अनेक वर्षे सांगितले गेले. ज्याच्या सावलीत बिस्काई या परगण्याचे सरदार इथल्या लोकांचे हक्क पाळण्याची शपथ घेत, तो ओक वृक्ष त्या दिवशी वाचला. आज त्या जागी त्याच्याच वंशातले कोवळे झाड आहे, आणि त्याच्याही आधीच्या जुन्या वृक्षाचे खोड शेजारी खांबांच्या छत्रीखाली जपून ठेवले आहे. युद्धानंतर शाळेत एउस्कारा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे आणि बाळाला बास्क नाव ठेवण्यावर बंदी होती. ज्यांनी एवढे सोसले, त्यांनी 1979 मध्ये स्वायत्तता मिळाल्यावर परप्रांतीयांवर सूड उगवला असता तर नवल नव्हते, कारण बिल्बाओच्या लोखंडाच्या खाणींत आणि गोद्यांत स्पेनभरातून आलेली माणसे गिरणगावासारखी दाटीने वसली होती. त्याऐवजी बास्कांनी 1982 साली भाषेचा कायदा केला, संपूर्ण एउस्कारा माध्यमाच्या शाळा वाढवल्या आणि प्रौढांसाठी गावोगावी वर्ग उघडले. शिकून एउस्कारा बोलू लागलेल्याला 'एउस्काल्दुन बेर्री', म्हणजे नवा बास्क, म्हणतात, आणि हे नाव मला फार मोलाचे वाटते. या स्वायत्त प्रांतात 1991 मध्ये सुमारे 24 टक्के प्रौढांना ही भाषा येत होती, 2021 मध्ये 36 टक्क्यांना येत होती.

तुलनेला मर्यादा आहेत, हे मी मान्य करतो. मराठी आठ कोटींहून अधिक लोकांची भाषा आहे, आणि इथेही शाळेत एउस्कारा शिकलेली पुष्कळ मुले मैदानावर स्पॅनिशच बोलतात. पण आपले काम त्यांच्यापेक्षा सोपे आहे. एउस्काराचे जगातल्या कोणत्याही भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही, उलट हिंदी भाषकाला मराठीची लिपी आधीपासूनच वाचता येते. ('माणसाने सफरचंद खाल्ले' याला एउस्कारात 'गिसोनाक सागर्रा यान दु' म्हणतात, आणि 'गिसोनाक'मधला शेवटचा 'क' म्हणजे आपला 'ने', हे कळल्यावर संध्याकाळच्या एउस्काराच्या वर्गात मला झालेला आनंद मी अजून विसरलेलो नाही.)

परतीच्या गाडीत आत्या बराच वेळ गप्प होती. तिच्या निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, मुले कमी झाली म्हणून, तिची शाळा बंद झाली, आणि त्याविषयी ती सहसा बोलत नाही. आमोरेबिएता मागे पडल्यावर तिने विचारले, "तुझा वर्ग आठवड्यातून किती तास असतो रे?"

"तीन दिवस, दोन-दोन तास."

"आमच्या शाळेच्या तळमजल्यावरच्या चार खोल्या अजून धडधाकट आहेत," ती म्हणाली. "किल्ली कुणाकडे असते, ते मला माहीत आहे."