व्हिसाच्या आधी कुत्र्याचं बघा
एका लेखात वाचलं की परदेशात कुत्रा न्यायची तयारी महिनाभरात होते, पण जर्मनीला तरी तसं अजिबात होत नाही ओ. आमच्या पोरीनं सांगलीतनं मोतीला न्यायचं ठरवलं तर आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस, मग ३० दिवस थांबून रक्त तपासायचं ते पण युरोपियन युनियननं मान्यता दिलेल्या लॅबमध्येच, आणि रिपोर्ट चांगला आला तरी रक्त घेतल्यापासनं ३ महिने थांबायचं. आमच्या मोतीला लस आधी टोचली अन् चिप नंतर बसवली, मग सगळं परत पहिल्यापासनं! म्हणून सांगतोय, व्हिसाच्या आधी हे सुरू करा. पोरगी पुढं गेली, मोती आमच्याकडं राहिला, रोज संध्याकाळी गेटपाशी तिची वाट बघत बसायचा, भाकरीला तोंड लावायचा नाही, बघवायचं नाही ओ ते.