चार प्रती ग्रंथालयांना पाठवा

निवृत्तीनंतर स्वखर्चाने आत्मचरित्र किंवा घराण्याचा इतिहास छापणाऱ्यांना मराठीत हमखास ऐकावे लागते: वाचणार कोण? पदरचे पैसे घालून पाचशे प्रती काढायच्या, पंचाहत्तरीला वाटायच्या, उरलेले गठ्ठे माळ्यावर. यातला खर्चाचा मुद्दा मला मान्य आहे. आता वीस-पंचवीस प्रतीही छापून मिळतात, तेवढ्या पुरेत. पण वाचणाऱ्यांची चिंता आजच कशाला?

मी लंडनमध्ये राहते. इथल्या ब्रुनेल विद्यापीठात कामगारवर्गातल्या माणसांच्या आत्मकथनांचा संग्रह आहे. जॉन बर्नेट या इतिहासकाराने सहकाऱ्यांबरोबर तो जमवला. दोनशेहून अधिक आत्मकथने, त्यांतली कितीतरी कधीच न छापलेली. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फार तर नातवंडे असतील. मुले कितव्या वर्षी कामाला लागत, मजुरी किती मिळे, घरात काय शिजे, हे अभ्यासक आज त्यांतून शोधतात.

आपल्याकडेही हे घडले आहे. दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेले वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांनी पुढे लिहून ठेवलेली हकिकत १९०७ मध्ये छापली गेली, आणि झाशीचा वेढा शहरात राहून सोसलेल्या माणसाची साक्ष मराठीला मिळाली.

म्हणून लिहाच. फक्त बढत्या आणि सत्कार आवरते घ्या. १९८२ च्या गिरणी संपात चूल कशी पेटत राहिली, खोलीचे भाडे किती होते, आईने कोणता दागिना कशासाठी मोडला, हे सविस्तर येऊ द्या. अनेक कुलवृत्तांतांत मुलीची नोंद सासरच्या नावापाशीच थांबते. तिथून पुढचे तिचे आयुष्यही लिहा.

आणि पुस्तक जपले जाईल अशा जागी पोहोचवा. ब्रिटनमध्ये स्वतः प्रकाशित केलेल्या छापील पुस्तकाचीही प्रत महिन्याभरात ब्रिटिश लायब्ररीला द्यावी लागते. भारतात १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. स्वतः पुस्तक काढणारा हाच त्याचा प्रकाशक. पण प्रकाशन समारंभाची तयारी करताना पाहुणे ठरतात, शाल-श्रीफळ ठरते. या चार प्रती कोण पाठवणार, हे ठरताना मी अजून पाहिलेले नाही. पाचवी प्रत गावच्या वाचनालयाला द्या, आणि ग्रंथपालांनी तिला दाखल क्रमांक दिल्यावरच तिथून निघा.